आठ नंबरची सळई

चुलीवरच्या पाण्यात सळई पडल्याचा टण् आवाज आला की मनकर्णाबाई घरातून बाहेर पडायची. जाताना हातात काहीतरी घ्यायची, म्हणजे बाई कामाला निघाली असं दिसावं. कधी बादली, कधी झाडू, कधी नुसतंच रिकामं टोपलं. दिवसातून दोनदा रिकामं टोपलं घेऊन कुठं जातेस, असं आंबेटोल्यात तिला कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. विहाराच्या मागं बोअरिंगजवळ जाऊन ती उभी राही. तिथून घर दिसत नसे, पण रडणं ऐकू येई. नऊ महिन्यांच्या पोराच्या गळ्यात एवढा आवाज कुठून येतो कोण जाणे.

अश्विन तिचा एकुलता एक नातू. जन्मला तेव्हा नाकीडोळी नीटस, वजनाला चांगला, सगळं जिथल्या तिथं. फक्त शीची जागाच नव्हती. असलं काही असतं हेच कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दवाखान्यातली नर्स पोराला पुसता पुसता थांबली, तिनं दुसरीला हाक मारली, आणि दोन तासांत पोर नागपूरच्या रस्त्याला लागलं. तिथं डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या अंगाला भोक पाडून आतड्याचं तोंड बाहेर काढून ठेवलं. तेव्हापासून त्याची शी पोटावरून. फडकं बांधायचं, सोडायचं, धुवायचं, वाळवायचं. आठव्या महिन्यात दुसरं ऑपरेशन झालं आणि जिथं जागा नव्हती तिथं ती केली. आता तिसरं राहिलं होतं. पोटावरचं तोंड आत घालून शिवलं की पोरगं चार पोरांसारखं होणार होतं.

पण त्याआधी नवी वाट पुरेशी रुंद व्हायला हवी होती. ती आपोआप होत नाही. शेवटी जखमच ती, आणि जखमेचा ओढा बुजण्याकडे. म्हणून सळई. नागपुरातून सहा सळ्या आल्या होत्या, पोलादी, गुळगुळीत, टोकाला गोल, प्रत्येकीवर आकडा कोरलेला. आठपासून तेरापर्यंत. सकाळ-संध्याकाळ, उकळून, निववून, मलम लावून बोटाच्या पेराएवढी आत घालायची आणि धरून ठेवायची. आठवडा झाला की पुढचा आकडा. नूतनचा, म्हणजे मनकर्णाबाईच्या सुनेचा, हात हातात धरून नर्सनं तिला ते शिकवलं होतं. नूतन बारावी शिकलेली, शांत डोक्याची. पोराचे दोन्ही पाय डाव्या दंडावर घेऊन ती एकटीच सगळं उरकायची. रडायची नाही. आणि मनकर्णाबाईला तेच खटकायचं.

काम आटोपलं की मनकर्णाबाई घरात येई आणि पोर उचलून घेई. आजीच्या मांडीत शिरलं की पोरगं दोन हुंदक्यांत गप्प. तिच्या पोलक्याची कड मुठीत धरून तिथंच झोपून जाई. आईजवळ रडायचं आणि आजीजवळ थांबायचं, असा त्याचा नेम होऊन गेला होता. मनकर्णाबाईला हे फार आवडायचं. बोलून दाखवायची नाही, पण आवडायचं.

"काऊन वं मनकर्णाबाई," शेजारची नीलाबाई एकदा बोअरिंगवर म्हणाली, "अजून किती दिस हे? सकाळी माह्या तोंडात घास जात नाई."

"डॉक्टरनं सांगतलं तवरिक."

"सांगाले काय जाते डॉक्टरचं? थो का ऐकाले येते इथी? पोट्टं तं हसून-खेळून राह्यलं. कायले त्याले रोज फाडाचं?"

मनकर्णाबाईनं बादली भरली नव्हती तरी उचलली आणि चालू लागली. नीलाबाईचं तोंड वाईट होतं, पण बोलली ते मनकर्णाबाईच्याच मनातलं.

माघात धानाची कामं संपली. बायांना रोजी मिळायची ती एकाच ठिकाणी, गुणवंतरावाच्या मिरचीच्या सातऱ्यावर. नदीकडच्या रस्त्याला चार एकराचं रान, त्यात लाल मिरची पसरलेली, आणि तिच्या कडेनं नाकातोंडाला पदर बांधून बसलेल्या शे-दीडशे बाया. देठ खुडायचा, मिरची टोपल्यात टाकायची. बस, एवढंच काम. पण दिवसभरात बोटं अशी पेटतात की संध्याकाळी स्वतःच्या डोळ्याला हात लावायची चोरी. प्रफुल, मनकर्णाबाईचा मुलगा, मोहर्लीला जंगल-सफारीची जिप्सी चालवायचा. पार्क मंगळवारी बंद, म्हणून सोमवारी रात्री यायचा आणि मंगळवारी परत जायचा. मनकर्णाबाईचे गुडघे गेलेले. तेव्हा नूतन म्हणाली, मी जाते. सकाळची सळई करून जाते, संध्याकाळची येऊन करते. मधे पोर तुमच्याजवळ.

मनकर्णाबाई काही ती गोष्ट टाळणार नव्हती. दिवसभर नातू आपला.

पहिले दोन दिवस नीट गेले. नूतन यायची ती आधी अंगणातल्या दगडावर बसायची. राखेनं हात घासायची, मग ताकानं, मग साबणानं दोनदा. हात नाकाशी नेऊन हुंगायची. तिसऱ्या दिवशी मलमाची नळी संपली. दाबून दाबून पाहिली, गुंडाळी करून पिळली, काही निघालं नाही. मलम तालुक्याच्या गावी, सावलीला मिळणार, तेही उद्या. सळई तर निवलेली, पोर चटईवर निजवलेलं. पोटावरच्या फडक्याभोवती लावायची खोबरेलाची बाटली उशाशीच होती. शुद्ध तेल, पोराच्या कातडीला रोज लागणारं. नूतननं तेच डाव्या तळहातावर ओतलं आणि सळई त्यात घोळवली.

सातऱ्यावर दहा वर्षं काढलेली कोणतीही बाई तिला सांगती. मिरचीची आग पाण्यानं जात नाही, साबणानं दबून राहते, आणि तेल लागलं की वर येते. म्हणून सातऱ्यावरच्या बाया त्या दिवसांत डोक्याला तेल लावायलाही दुसरीला बसवतात. पण नूतन तीन दिवसांची मजूर. तिला तळहात थंड वाटत होता. तिच्याच कातडीत मुरलेलं तिला दिसलं नाही.

मनकर्णाबाई बोअरिंगजवळ उभी होती. रोजचं रडणं तिला आता पाठ झालं होतं. कुठं चढतं, कुठं दम खातं, कुठं उतरतं. हे रडणं ते नव्हतं. एकच आवाज, लांब, आणि मग काहीच नाही, पोरानं श्वास धरलेला. टोपलं तिथंच टाकून ती धावली. गुडघ्यांचं भान राहिलं नाही.

घरात नूतन पोराला उचलून उभी होती. पोराचं तोंड काळंनिळं, पाय ताठ.

"काय केलं वं? काय केलं तुनं?"

"तेल... आई, तेल लावलं फक्त. बाटलीतलं." नूतननं स्वतःचा हात पाहिला. तोच हात तिनं घाम पुसायला गालावर नेला आणि गाल पेटला, तेव्हा तिला कळलं. हात पुढं करून ती नुसती सासूला दाखवत राहिली.

मनकर्णाबाईनं पोर हिसकावून घेतलं. थंड पाण्याची परात, मग दुधाचं फडकं, पुन्हा पाणी. तासभर चाललं. नूतनला तिनं जवळ येऊ दिलं नाही. नूतन दाराच्या चौकटीला टेकून, दोन्ही हात अंगापासून दूर धरून उभी राहिली. पोर शेवटी दमून आजीच्या मांडीत निजलं तेव्हा मनकर्णाबाई उठली. सळ्यांचा स्टीलचा डबा तिनं घेतला, पदराखाली धरला आणि आतल्या खोलीत गेली. आली तेव्हा हात रिकामे होते.

"झालं आता. बस झालं," ती म्हणाली. "माह्या नातवाले कोनी हात नाई लावाचा."

नूतननं प्रफुलला फोन लावला. तो दिवसभर पाहुणे फिरवून आलेला, आवाज थकलेला. सगळं ऐकून म्हणाला, "आई म्हनते तं राहू दे दोन-चार दिवस. जखम भरून येऊ दे. मंग पाहू."

मग पाहू, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

घर एकाएकी शांत झालं. सकाळी टण् नाही, संध्याकाळी टण् नाही. मनकर्णाबाई चहा बसून प्यायला लागली. अश्विन गुडघ्यांवर रांगायला लागला, कोंबडीमागं अंगणभर जाऊ लागला. पोटावरची शी नेहमीसारखी, भूक नेहमीसारखी. खालची वाट वापरात नव्हतीच, तेव्हा तिचं काय चाललंय हे वरून कळायला काही मार्ग नव्हता. मधल्या दोन्ही मंगळवारी प्रफुल आला, पोराला खांद्यावर बसवून गल्लीत फिरवून गेला. नीलाबाईनं मुद्दाम येऊन सांगितलं, आता घास जातो. दोनाचे चार दिवस झाले, चाराचे आठ. नूतन सातऱ्यावर जात राहिली, आणि पोर तिच्याजवळ फिरकेना. डबा कुठं ठेवलाय, हे तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो काढावा लागला असता, आणि तिला स्वतःच्या हातांची भीती बसली होती.

अकराव्या दिवशी, बुधवारी, करिष्मा आली. गावची आशा वर्कर. पाठीला पिशवी, हातात रजिस्टर, बोलणं घाईचं.

"मंगळवारची तारीख आहे ना नागपूरची? मॅडमचा फोन आल्ता मले. कोनत्या नंबरवर आहे आता?"

नूतन नुकतीच कामावरून आलेली. तिनं सासूकडं पाहिलं नाही. "दहा," म्हणाली.

"दहाच? बारा पाहिजे म्हने मॅडम. काऊन मांगं पडली?"

नूतन पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मनकर्णाबाईला वाटलं, आपण गप्प बसलो तर हे निभून जाईल. मग तिला मंगळवार आठवला. मंगळवारी डॉक्टर तपासणारच होती.

"बंद केलं आमी," ती म्हणाली. "अकरा दिस झाले."

करिष्मानं रजिस्टर मिटलं. फोन लावला आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. नागपूरच्या डॉक्टरबाईंचा आवाज मनकर्णाबाईनं आधी ऐकला होता, पण तेव्हा तो नूतनशी बोलत होता.

"अकरा दिवस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कोणी बंद केलं?"

"मी. आजी हावो मी त्याची," मनकर्णाबाई फोनच्या दिशेनं वाकून म्हणाली. ओट्याखाली नीलाबाई येऊन उभी राहिली होती. तिच्यासमोर हे बोलावं लागलं.

"आजी, ओरडत नाही मी. पण ऐका. ती जागा आवळली असणार. किती, ते आत्ता बघू. आठ नंबर घ्या, हातमोजे घाला, फोन चालू ठेवा."

डबा आणायला मनकर्णाबाई आत गेली. धानाची ढोली, बांबूची कणगी, तिच्या छातीइतकी उंच. पाटावर चढून, आत वाकून तिनं हात घातला. डबा वरच पुरला होता, पण रोज खालच्या भोकातून धान काढून काढून तो खाली सरकला होता. खांद्यापर्यंत हात गेला तरी लागेना. तुसानं दंड खाजायला लागला, नाकात धूळ गेली, शिंका आल्या. बाहेर सगळे वाट पाहत होते आणि ही चोरासारखी स्वतःच्याच घरातलं धान उपसत होती. डबा लागला तेव्हा तिचा चेहरा घामानं आणि धुळीनं माखला होता. नूतननं तो तिच्या हातातून घेतला, ढोलीकडं पाहिलं आणि सळ्या उकळायला टाकल्या.

करिष्मानं पिशवीतून हातमोजे आणि मलमाची नळी काढली. चटई पसरली. अश्विन आजीच्या कडेवर होता. त्यानं चटई पाहिली. मग चटईजवळ बसलेली आई पाहिली, तिचे हात पाहिले, आणि आजीच्या मानेत तोंड खुपसलं. निजवलं तेव्हा त्याचं अंग लाकडासारखं ताठ झालं. नूतननं नुसतं बोट टेकवलं तरी पोर सगळीकडून आवळून घेई. आठ नंबरची सळई, जी महिन्यापूर्वी पहिल्याच दिवशी गेली होती, टोकावरच अडली.

"नाई जात मॅडम," नूतन म्हणाली.

"थांबा. जोर लावायचा नाही, फाटेल. तो घाबरलाय, आवळून धरतोय. आवळल्यामुळे किती अडतंय आणि जखमेमुळे किती, ते मला इथून कळणार नाही." मग त्यांनी विचारलं. "घरात तो कोणाजवळ शांत असतो?"

सगळ्यांची तोंडं मनकर्णाबाईकडं वळली. "आजीजवळ, मॅडम," करिष्मा म्हणाली.

"मग आजींनी करायचं. आज आठ. सकाळ-संध्याकाळ. मंगळवारपर्यंत दहा गेली पाहिजे. गेली तर आपण वाचलो. नाही गेली तर भूल देऊन बघावं लागेल, आणि तेव्हाही नाही झालं तर ते ऑपरेशन पुन्हा पहिल्यापासून. रक्ताचा थेंब दिसला तर घाबरू नका, जास्त दिसलं तर थांबा आणि लगेच निघा."

फोन बंद झाला. करिष्मा उद्या येते म्हणून गेली. नीलाबाई कधी सटकली ते कळलंच नाही.

"माह्यानं नाई होत," मनकर्णाबाई म्हणाली.

"काऊन नाई होत?"

"माह्या मांडीवर झोपते थो. माह्याजवळ येते रडून झाल्यावर. मीच जर त्याले..." तिनं सळई दूर सारली. "दुसरं काही सांग नूतन. उपाशी ठेव मले. हे नोको सांगू."

नूतन सासूला आजवर उलट शब्द बोलली नव्हती. ती उठली आणि समोर येऊन बसली. "आई, माह्या हातानं पोराले आग लागली. त्या दिवसापासून मले घास गोड लागत नाई. तुमी डबा लपवला, मी विचारलं नाई. दोघीनं मिळून केलं आपन हे. आता पुन्हा थ्या टेबलावर त्याले फाडतीन. तुमाले चालते का? चालत असन तं सांगा, मी डबा परत धानात टाकून येतो."

मनकर्णाबाईनं पोराकडं पाहिलं. ते तिच्या पायाशी बसून चटईचा काडीधागा तोंडात घालत होतं.

"नखं काप माही," ती म्हणाली.

नूतननं तिची नखं कापली. रोवण्यानं, खुरप्यानं कडक झालेली बोटं हातमोज्यात जाईनात, रबर ताणून ताणून घालावं लागलं. संध्याकाळ व्हायला आली होती, अंगणात अजून उजेड होता. पोराला पाठीवर निजवलं. तो आजीकडं पाहून हसला आणि हात पुढं केले.

"पाय असे वर घ्या. हां. डाव्या हातानं धरा," नूतन मागं बसून सांगत होती, नर्सनं तिला सांगितलं होतं तसं. "आता टेकवून ठेवा फक्त. ढकलू नोका. थो रडन. रडताना आवळते. मंग श्वास घेते, तवा ढिला पडते. त्याच वक्ताले थोडीशी. पुन्हा थांबा."

सळई टेकली. अश्विनच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. आधी त्याला कळलंच नाही. आजी आहे, म्हणजे काही वाईट होणार नाही, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांत होतं. मग दुखलं. त्यानं आजीच्या तोंडाकडं पाहिलं, ओठ थरथरले, आणि त्यानं रडायला सुरुवात केली ती तिच्याकडं बघत बघतच. मनकर्णाबाईला उठून पळावं असं वाटलं. बोअरिंगपर्यंत नव्हे, पार नदीपर्यंत.

"आई, थांबा तशाच. आता घेईन थो श्वास. आता!"

सळई केसभर सरकली. पुन्हा आवळली. पुन्हा वाट. मनकर्णाबाईच्या भुवईवरून घाम डोळ्यात उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता. नूतननं पदरानं पुसला. चौथ्या श्वासाला सळई पेराएवढी आत गेली.

"धरून ठेवा. शंभर मोजा."

मनकर्णाबाईला शंभर सलग मोजता यायचे नाहीत. तिनं धानाच्या पेंढ्या मोजतात तसे विसाविसानं मोजले. एक वीस. दोन वीस. पोर ओरडत होतं. तीन वीस. पाच वीस झाले तेव्हा तिनं सळई काढली, खाली ठेवली, हातमोजे ओढून फेकले आणि पोराला छातीशी घेतलं. ते आलं. हुंदके देत, पण आलं. पोलक्याची कड धरली त्यानं. मनकर्णाबाई मोठ्यानं रडली आणि नूतननं तिला रडू दिलं.

गुरुवारी सकाळी आठच. गुरुवारी संध्याकाळी आठ थोडी सैल गेली. शुक्रवारी नऊ अडली. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा अडली. करिष्मा येऊन बघून गेली, हातमोज्यांची आणखी एक जोडी ठेवून गेली. नूतननं सातरा सोडला होता. दिवसभर ती ताकात हात बुडवून बसायची, जणू त्यानं मागचं काही धुऊन निघणार होतं. मनकर्णाबाई मनातल्या मनात दिवस मोजायची. शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवस आणि दोन आकडे.

शनिवारी सकाळी नऊ गेली. पण त्याच सकाळी दुसरंही एक झालं. सळई काढून मनकर्णाबाईनं हात पसरले तेव्हा अश्विन तिच्याकडं आला नाही. त्यानं कूस बदलली, हातापायांवर झाला आणि रडत रडत रांगत नूतनकडं गेला. नूतन घाबरून हात मागं घेत होती. तिला वाटत होतं, अजून आग असेल. पोरानं तिचं लुगडं धरलं आणि तिच्या मांडीवर चढलं. नूतननं सासूकडं पाहिलं.

"घे त्याले," मनकर्णाबाई म्हणाली. "हात थंडे झाले तुहे. घे."

रविवारी सळईला रक्ताचा थेंब दिसला. दोघी सळई उजेडाला धरून बघत बसल्या. थेंब एकच होता, दुसरा आला नाही. संध्याकाळी करावं की थांबावं यावर दोघींत शब्दाला शब्द लागला. नूतन म्हणाली थांबू, मनकर्णाबाई म्हणाली दिवस नाहीत. शेवटी केलं. नऊच लावली आणि ती रक्ताशिवाय गेली. दिवसा पोर आता आजी दिसली की दुसऱ्या दिशेला वळायचं. मनकर्णाबाई भात भरवायला बसली तर तोंड मिटून घ्यायचं. ताटली ती सुनेकडं सरकवून द्यायची आणि भांडी घासायला निघून जायची.

सोमवारी सकाळी दहा नंबर टोकावर अडला. सोमवारी संध्याकाळीही अडला. पाच वीस नव्हे, दहा वीस मोजेपर्यंत ती नुसतं टेकवून बसली. पोर रडून रडून दमलं, त्याचा आवाज बसला, पण वाट सुटेना. प्रफुल त्याच वेळी आला. दारातून हे बघून त्यानं पिशवी टाकली आणि ओट्यावर जाऊन पाठमोरा बसला.

"आई, राहू दे आता," तो बाहेरूनच म्हणाला. "उद्या डॉक्टर पाहतीन काय थे."

"तू चूप बस," मनकर्णाबाई म्हणाली. "तुह्या 'राहू दे'नंच हे झालं. माह्याही."

मंगळवारी पहाटेच्या बसनं निघायचं होतं. उजाडायच्या आत गावातून निघायचं म्हणजे वाघाची भीती, म्हणून बसथांब्यापर्यंत गुणवंतरावाची जीप सांगून ठेवलेली. जीप यायला अर्धा तास होता. नूतन पोराचे कपडे भरत होती. मनकर्णाबाईनं सांगितलं, एकदा करू. पोर अर्धवट झोपेत होतं, अंग सैल, कोमट. त्याला जाग यायच्या आत तिनं सळई टेकवली. थांबली. त्यानं एक मोठा श्वास सोडला आणि दहा नंबर गेला. पेराएवढा. पोर जागं झालं ते ओरडतच, आणि मनकर्णाबाई ओरडण्याच्या वर आवाज काढून मोजत राहिली. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तिनं पाच वीस पुरे केले, मगच उठली.

नागपूरच्या दवाखान्यात नंबर लागायला दुपार झाली. डॉक्टरबाई वयानं लहान निघाल्या, नूतनपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी तपासलं. दहा लावली, गेली. अकरा लावून पाहिली, ती अडली, तशी लगेच काढली.

"पुन्हा ऑपरेशन नको," त्या म्हणाल्या.

प्रफुल भिंतीला टेकला. नूतन पोराला घट्ट धरून खाली बघत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी पोराच्या टाळूवर पडत होतं. मनकर्णाबाई खुर्चीवर बसली.

"पण आता एक दिवसही चुकायचा नाही. या आठवड्यात अकरा, मग बारा, मग तेरा. त्यानंतर पोटावरचं बंद करू. आणि बंद केल्यावरही काही महिने हे चालूच ठेवायचं, रोज, मग एक दिवसाआड. वर्षही लागेल." डॉक्टरबाईंनी तिघांकडं पाहिलं. "कोण करणार?"

"मी," नूतन म्हणाली. "माह्या हातची आग गेली आता मॅडम. मीच करत होतो पहिले. आईनं सहा दिवस केलं, थ्यायले किती त्रास झाला मी पाह्यलं. आता नाई सांगनार मी थ्यायले."

मनकर्णाबाई खुर्चीतून उठली. अश्विन नूतनच्या मानेला बिलगून होता, एका हातानं त्यानं आईचं मंगळसूत्र धरलं होतं. आजी जवळ येतेय हे त्याला दिसलं. त्यानं तोंड फिरवलं.

"तू नोको करू," ती सुनेला म्हणाली.

"काऊन आई?"

"तुह्याजवळ येऊन राह्यला थो. चौदा दिस थो तुह्याजवळ नोता आला. मले मालूम आहे, मी मोजलं." तिनं पोराच्या पाठीकडं पाहिलं. "वर्षभर कोनावर तरी रुसनच थो. मायवर नोको रुसू दे."

"आई, तुमच्याशिवाय थो झोपत नव्हता."

"आता झोपते ना."

डॉक्टरबाईंनी अकरा नंबर पुसून ट्रेमध्ये ठेवला होता. मग त्यांनी हातमोज्यांचं खोकं मनकर्णाबाईपुढं सरकवलं. "या, पकड दाखवते. अकराला हात थोडा तिरपा लागतो."

नूतननं पोराला टेबलावर निजवलं आणि त्याच्या डोक्याशी उभी राहिली. मनकर्णाबाईनं मोजे ओढून चढवले. आजीचे हात पाहूनच अश्विननं रडायला सुरुवात केली. अजून कोणी त्याला लावलंही नव्हतं. त्यानं दोन्ही हात वर करून आईला धरलं.

"रड बाबू, रड," मनकर्णाबाई म्हणाली आणि अकरा नंबर हातात घेतला.